मामाची दोन दारांची गाडी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त गुडघ्यापासून खाली.

मोडीत निघालेल्या गाड्यांचं ते मोठं आवार होतं. एकीवर एक रचलेल्या गाड्या, मधून चिखलाच्या पायवाटा, आणि सगळीकडे जुन्या तेलाचा वास. कोपऱ्यात मामाच्या गाडीसारखीच एक राखाडी, दोन दारांची जर्मन कूपे उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. मला वाटलं, हाच आवाराचा मालक. मी त्या पायांना सगळं सांगायला सुरुवात केली. मला याच गाडीच्या डाव्या दाराची काच वरखाली करणारी यंत्रणा हवी आहे, सहा महिने आमची काच अर्ध्यात अडकली आहे, पाऊस आला की मी तिला प्लास्टिक चिकटवते, आणि तीन दुकानांत मला ‘बाई, हे मॉडेल आता विसरा’ एवढंच ऐकायला मिळालं आहे. पाय शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदा गाडीखालून “हं” असा आवाज आला. मला धीर आला. मी पुढे हेही सांगितलं की गिऱ्हाईक म्हणून मी साधी आहे, फक्त मला कुणी फसवू नये.

“मी मालक नाही,” पाय म्हणाले.

“मग मघाशीच सांगायचं नाही का?”

“तुम्ही इतकं छान सांगत होतात... मध्ये तोडावंसं वाटेना.”

तो सरकत बाहेर आला. तिशीचा, उंच, कपाळावर ग्रीसचा फराटा. आणि हातात नेमकी तीच यंत्रणा, नुकतीच सोडवलेली. मी तिच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला सुचलं ते भलतंच.

“तुमच्या डाव्या बुटाची टाच आतून झिजली आहे. जिने उतरताना गुडघा दुखत असेल.”

त्याने वाकून बुटाकडे पाहिलं. मग म्हणाला की दुखतो, दोन वर्षं दुखतो, आणि तुम्ही कोण? मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हटल्यावर त्याला हसू आलं. त्याच्याकडेही तीच गाडी होती, त्याच वर्षाची. तिची काच मात्र धड होती. हा भाग तो पुढेमागे लागेल म्हणून साठवायला नेत होता. तो त्याने माझ्या हातात ठेवला. मी तीनदा आभार मानले. तो म्हणाला, आभार काच वर गेल्यावर माना. बसवता येईल का? मला अर्थातच येत नव्हतं. मग त्याने एका कागदावर दाराची आकृती काढून दिली... कुठला स्क्रू आधी, कुठली तार नंतर. आकृतीच्या कोपऱ्यात सवयीने उत्तर दिशेचा बाण काढला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा. मुलं त्याला नकाशेसर म्हणायची. मीही तेच म्हणू लागले.

काच मला एकटीला बसवता आली नाही. पुढच्या रविवारी तो घरी आला.

आता मामाबद्दल सांगायला हवं, कारण गाडी मामाची आणि खरं तर मीही मामाचीच. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांनी दुसरा संसार मांडला आणि मी एक पिशवी घेऊन मामाकडे आले. मामा एकटा राहायचा. छापखान्यांतली मोठी मशीनं दुरुस्त करायचं त्याचं काम. मशीनं जर्मन, त्यांची पुस्तकं जर्मन, आणि मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनीअरने त्याला विकलेली ही गाडीही जर्मन. मी आल्यावर सगळ्यांनी त्याला सांगितलं, आता ही नखऱ्याची गाडी काढ, चार दारांची घे. मामा म्हणाला, आम्ही दोघंच तर आहोत, दोन दारं पुरेत. त्याच गाडीतून त्याने मला शाळेत सोडलं, कॉलेजात सोडलं, आणि पहिल्या नोकरीच्या दिवशी दवाखान्याच्या दारात सोडून तो संध्याकाळपर्यंत समोरच्या झाडाखाली थांबून राहिला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांची मधली नजर जायला लागली. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसट होतं. डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजव्यावर भिस्त होती. गाडी चालवणं त्याने स्वतःच बंद केलं, किल्ली माझ्या हातात दिली, आणि पुढे जेवताना एकदाच म्हणाला की घाटाच्या माथ्यावरून खालच्या धरणाचं सगळं पाणी दिसतं, ते आपल्या गाडीतून जाऊन एकदा बघायचं आहे. नंतर त्याने तो विषय काढला नाही. मामा एखादी गोष्ट एकदाच मागतो... म्हणून ती विसरता येत नाही.

गाडी मात्र दोन वर्षं उभी राहून जागीच आखडली होती.

मग रविवार सुरू झाले. पहिल्या रविवारी काच, दुसऱ्या रविवारी इंजिनचं तेल आणि फिल्टर, मग ब्रेक, मग प्लग. नकाशेसर स्वतः काम करायचा नाही, मला करायला लावायचा. गाडीखाली मी, आणि बाहेर उकिडवा बसून तो पाने पुढे करणार. रबरी नळ्या कशा तपासायच्या ते त्याने दाखवलं: दाबून बघायच्या, लवचीक असाव्यात, लिबलिबीत नकोत आणि कडकही नकोत. मी एक नळी दाबली आणि म्हटलं, ही आखडली आहे, आतून गेली असणार. त्याने कापून पाहिली तर खरंच आतून तडकली होती. त्याने माझ्या हातांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“मेकॅनिकचे हात आहेत तुमचे.”

“पोटऱ्या आणि नळ्या सारख्याच असतात.”

“माझ्या गुडघ्याचं काय मग?”

“तो आधी दाखवायला आणा. न बघता निदान करत नाही मी.”

मामा शेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि कानाने सगळं बघायचा. इंजिन चालू केलं की डोळे मिटायचा आणि सांगायचा, तिसरा प्लग नीट पेटत नाही. तिसराच निघायचा. मग नकाशेसर आणि मामा अर्धा अर्धा तास त्या एका प्लगवर बोलत बसायचे आणि मी दोघांचा चहा गार होताना बघायचे.

सुटे भाग शोधणं ही त्याची खरी हौस. तो म्हणायचा, दुकानदाराला गाडीचं नाव सांगू नका, भागावरचा नंबर सांगा. नाव ऐकलं की माणसं नाही म्हणतात, नंबर ऐकला की निदान कपाट उघडतात. याच गाडीच्या चार दारांच्या बहिणीला निम्मे भाग सारखेच लागतात, हेही त्यानेच शिकवलं. आणि एकदा त्याने पिशवीतून गुंडाळी काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली. शहराचा आणि आसपासचा नकाशा होता. या जातीची प्रत्येक गाडी त्याने त्यावर मांडली होती. चालती ती हिरव्या ठिपक्याने, मोडीत गेलेली तांबड्या. आमच्या गल्लीत एक निळा ठिपका होता आणि पुढे प्रश्नचिन्ह.

“हा आम्ही?”

“तीन वर्षांपासून. गाडी माहीत होती,” तो नकाशा सरळ करत म्हणाला, “मालकीण माहीत नव्हती.”

मामा पलीकडे बसून मिशीत हसत होता. मी चहा करायला उठले. चहा आधीच झालेला होता, ते मला स्वयंपाकघरात गेल्यावर आठवलं.

शेवटी एकच काम उरलं. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी. प्लास्टिकची असते ती, आणि आमच्या टाकीला केसाएवढी चीर होती. नवी टाकी परदेशातून मागवली. यायला सहा आठवडे. नकाशेसरचा एक नियम होता, तो त्याने पहिल्याच रविवारी सांगितला होता: लोखंड जुनं चालतं, रबर आणि प्लास्टिक जुनं कधी लावायचं नाही. म्हणून आम्ही थांबायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात मामाची तपासणी झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उजवा डोळाही आता झपाट्याने उतरतो आहे. महिना म्हणा, कदाचित तेवढाही नाही.

मी नकाशेसरला म्हटलं, आवारातल्या त्या राखाडी गाडीची टाकी आणा. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, एकदाच वर जाऊन यायचं आहे. तो पुन्हा नाही म्हणाला; घाटातच ती फुटेल, सपाटीवर नाही. दुसऱ्या गाडीने जा, माझी न्या, असंही म्हणाला. पण मामाने ‘आपल्या गाडीतून’ म्हटलं होतं आणि मी हट्टाला पेटले होते. मी म्हटलं, तुम्ही लावणार नसाल तर दुसऱ्या कुणाकडून लावून घेईन. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग गेला आणि टाकी घेऊन आला. तीन दिवस त्याने गाडी गावातल्या रस्त्यांवर फिरवली आणि मला दहा वेळा बजावलं, तापमानाच्या काट्यावरून नजर हटवायची नाही.

शनिवारी सकाळी मी आणि मामा निघालो. आभाळ स्वच्छ होतं. मामाने काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि मला लहानपणी सांगायचा तसं सांगत राहिला: आता पूल येईल, आता उजवीकडे वीटभट्टी. पहिली सहा वळणं गाडी लोण्यासारखी चढली. आठव्या वळणावर गोडसर वास आला. मी काट्याकडे पाहिलं तोवर तो वर गेला होता, आणि बॉनेटखालून पांढरी वाफ निघाली.

मी गाडी कडेला घेतली, मामाला बाहेर काढून कठड्यावर बसवलं आणि फोन लावला. शाळेत होता तो. मी काय बोलले मला आठवत नाही. त्याचं बोलणं आठवतं.

“आधी तू गाडीपासून लांब हो. झाकण उघडू नकोस, काही झालं तरी. मामांना सावलीत बसव. मी निघालोच.”

तू म्हणाला होता. एवढ्या गोंधळातही ते मला ऐकू आलं.

पाऊण तास लागला. दुपारनंतर खालचं पाणी धुरकट होतं, मग काही दिसत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी मामाची माफी मागत होते आणि तो माझा हात थोपटत होता.

मग खालच्या वळणावर नकाशेसरची गाडी दिसली. आमच्यासारखीच, फक्त गडद हिरवी. तो उतरला, बॉनेट उघडून टाकीकडे एकदा पाहिलं. शिवणीतच फाटली होती. त्याचा चेहरा उतरला. त्याने स्वतःची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

“साडेअकरा झालेत. मामांना घेऊन वर जा. मी हिच्यापाशी थांबतो.”

“तुम्ही पण चला ना...”

“नको. तुम्हा दोघांचं आहे ते.”

माथ्यावर पोचलो तेव्हा वारा होता आणि खाली सगळं पाणी लख्ख. मामा मान जरा तिरकी करून बघायचा, कारण समोरचं त्याला कडेनेच दिसायचं. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, असा अर्धा तास तो बघत राहिला. बेटं मोजली. एका बेटावर पांढरे पक्षी आहेत की दगड, यावर आम्ही वादही घातला. पक्षी होते, उडाले तेव्हा कळलं.

मग तो म्हणाला, ही गाडी आपली नाही ते मला बसल्याबरोबर कळलं. हिचा गिअर मऊ आहे. कुणीतरी मनापासून सांभाळली आहे. मी म्हटलं, मामा, मला तुला आपल्याच गाडीतून आणायचं होतं. इतक्या वर्षांत तू माझ्यासाठी केलंस, आणि मला एवढं एक धड करता आलं नाही.

मामाने पाण्यावरची नजर काढली नाही.

“तू आलीस तेव्हा लोक म्हणायचे, बिचाऱ्याच्या गळ्यात पडली पोर. मी तोवर घरी येऊन मशीनच्या पुस्तकांशी बोलायचो. तू आलीस आणि घरात आवाज आला. मी कधी तुझे आभार मानले? नाही ना? मग तू माझे फेडत बसू नकोस.”

थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “तो मुलगा चांगला आहे. पण चांगला आहे म्हणून काही करू नकोस. आवडत असला तर कर.”

आम्ही परत आलो तेव्हा नकाशेसर एका दगडावर बसला होता. गाडी ओढून नेणारा ट्रक त्याने बोलावून ठेवला होता. टाकीतलं उकळतं पाणी उडून त्याची बाही भिजली होती आणि दोन बोटांवर फोड आले होते. मी त्याचा हात धरून त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि आभार मानले. त्याने हात हलकेच काढून घेतला.

“आभार नका मानू. टाकी मी लावली. कळत असून लावली. वळणावर ब्रेक गेला नाही, नुसती टाकी फुटली म्हणून निभावलं... मामा आत होते, तुम्ही आत होतात.”

पुन्हा तुम्ही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की दोन वाक्यांत ठेवायचा, पेपर तपासतोय म्हणायचा. मागवल्यापासून पाचव्या आठवड्यातच नवी टाकी आली. त्याने ती कुरिअरने पाठवली, सोबत आकृती. नीट, स्वच्छ, सगळे आकडे घातलेले. कोपऱ्यात बाण नव्हता. मी तो कागद उलटसुलट करून पाहिला, आणि त्या एका बाणासाठी मला रडू आलं.

मग मी डोळे पुसले आणि टाकी स्वतः बसवली. मामा खुर्चीत. त्याची नजर आता फारच थोडी उरली होती, पण कान शाबूत होते. नव्या पाण्यात अडकलेली हवा काढायची असते: हीटर पूर्ण चालू करायचा, वरचा बारीक स्क्रू जरा सैल करायचा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. बुडबुडे थांबले ते मला दिसण्याआधी मामाने सांगितलं. मी सपाट रस्त्याने गेले, मग चढाने गेले, मग त्याहून मोठ्या चढाने. काटा मधोमध, जागचा हलला नाही.

तिसऱ्या रविवारी मी केस धुतले, आणि त्याच्या घरी गेले.

तो शर्टाच्या बाह्या दुमडत बाहेर आला. आधी माझ्याकडे नाही, बॉनेटकडे पाहिलं.

“काय झालं?”

“काहीच नाही.”

त्याचा विश्वास बसेना. इंजिन चालूच होतं. त्याने कान देऊन ऐकलं, वाकून खाली गळती पाहिली, टाकीच्या जोडावरून बोट फिरवलं. कोरडं. तो सरळ उभा राहिला. आता त्याला बघायला गाडीत काही उरलं नव्हतं.

“मग... कशाला आलात?”

“तेच सांगायला. तेल बदललेलं आहे, टाकी नवी आहे, काच वर जाते. गाडीसाठी मला आता तुझी गरज नाही.”

तो ‘तुझी’वर अडखळला, मला दिसलं. मग त्याने एकदम सगळं सांगितलं. आधी त्याला वाटायचं, मी त्याच्याशी गोड बोलते ती गाडीसाठी. नंतर तसं वाटेनासं झालं, आणि नेमका घाट मध्ये आला. मग वाटलं, ही आता एकतर उपकार मानून येईल, नाहीतर राग गिळून येईल. दोन्ही त्याला झेपलं नसतं.

“राग आला होता,” मी म्हटलं. “तू रविवारी आला नाहीस त्याचा.”

“आणि उपकार?”

“ते आहेतच. आयुष्यभर राहतील. पण उपकार मला फोनवरही मानता आले असते. त्याच्यासाठी केस धुऊन यायची गरज नव्हती.”

तो हसला. मग हसू थांबलं आणि तो नुसताच उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “फार दिवसांपासून.”

“मला पण.”

“काय पण?”

“नकाशेसर, आता परीक्षा घेऊ नका.”

त्याने माझा हात धरला. फोड आलेल्या बोटांवर आता नवी, गुलाबी कातडी आली होती. मी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि त्याने डोळे मिटून घेतले. इंजिन अजून चालूच आहे हे आमच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

घरात जमिनीवर खरोखरच पेपरांचे गठ्ठे होते, तो खोटं बोलला नव्हता. मी खाली बसले आणि पेपर हजेरीपटाप्रमाणे लावायला घेतले. तो शेजारी बसून तपासू लागला; एका पानावर चार मिनिटं थांबायचा, कारण बघत माझ्याकडे असायचा. एका मुलाला त्याने चुकीच्या नदीला पूर्ण गुण दिले. मी ते त्याला दाखवलं. त्याने मान डोलावली आणि गुण तसेच ठेवले.

दुपार झाली तसा मी मामाला फोन केला. त्याने आधी विचारलं, काटा कुठे होता? मी म्हटलं, मधोमध. मग तो म्हणाला, “आणि तू?”

“मी... मी इथेच जेवून येते, मामा.”

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आरामात मागे रेलला असणार तो.

“सावकाश ये,” मामा म्हणाला.